अग्नीवाचूनचा पाक

मुंबईच्या उपनगरांना हिवाळा असतो की नाही, याविषयी नाशिकच्या अथवा पुण्याच्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेच्या दफ्तरी 22 जानेवारी 1962 रोजी 7.4 अंश सेल्सिअस इतके किमान तापमान दाखल आहे, हा आमच्या बाजूचा सर्वांत सबळ लेखी पुरावा, आणि तोही आता साठ वर्षांहून जुना झाला. परंतु थंडीची रुजुवात पाऱ्यावरून न करता भाजीबाजारावरून करावयाची म्हटल्यास मुलुंड, घाटकोपर, अंधेरी आणि बोरिवली येथील रहिवाशास कोणाची साक्ष काढण्याचे कारण पडत नाही. मार्गशीर्षाच्या सुमारास स्थानकांबाहेर मेथीच्या जुड्यांचे ढीग चढू लागतात, कांद्याची पात आणि पाल्यासकट मुळे त्यांच्या शेजारी येऊन बसतात, घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती व कच्छी बिऱ्हाडांत उंधियूसाठी पापडी आणि हिरवा लसूण यांची खरेदी सुरू होते; आणि नोकरीच्या निमित्ताने खानदेशातून येऊन येथेच कायम झालेल्या कुटुंबांत मेथीच्या घोळाण्याचे दिवस येतात.

घोळाणा म्हणजे कच्च्या मेथीची, शेंगदाण्याचा कूट आणि कच्चे तेल घालून केलेली कोशिंबीर, इतके सांगितले असता व्याख्या पुरी होते, पण पदार्थाची योग्यता कळत नाही. आपल्या ताटात कोशिंबिरीचे स्थान डाव्या बाजूस, चटणी-लोणच्याच्या पंक्तीत, आणि प्रमाण चार बोटांत मावेल इतके. घोळाणा मात्र वाडगाभर वाढला जातो, बाजरीच्या किंवा कळण्याच्या भाकरीशी त्याचे पूर्ण जेवण होते, आणि उजव्या बाजूच्या भाजीची वहिवाट तो निमूटपणे आपल्याकडे घेतो. मेथीसारख्या कडू पानाला भाजीत अग्नी सौम्य करतो. येथे अग्नी पानाला शिवतच नाही. तेव्हा चुलीने करावयाचे ते सारे काम हाताने, क्रमाने आणि वेळेने करावे लागते, आणि म्हणूनच हा पदार्थ दिसावयास जितका सोपा तितकाच करावयास काटेकोर आहे. ही गोष्ट ऐकून पटण्यासारखी नाही. आमच्या मुलुंडच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, माहेरच्या आणि सासरच्याही जळगावकडील एका मावशींच्या स्वयंपाकघरात बसून ती मी पाहिली.

आरंभ अर्थातच बाजारात होतो. मावशी जुडीचा आकार पाहत नाहीत, पान पाहतात. मोठ्या, रुंद, फिकट पानांची जुडी डोळ्यांना भरते खरी, पण ती भाजीसाठी. घोळाण्यास लहान, गोलसर, गर्द पानांची गावठी मेथी हवी, कारण तिला कडवटपणाबरोबरच सुगंधही अधिक असतो. त्यानंतर एक काडी बुंध्याकडून मोडून पाहावयाची. ती कडकन तुटली तर मेथी कोवळी. धागा धरून लोंबकळू लागली, किंवा शेंड्याशी पांढरट फुलोरा दिसला, तर ती जून, आणि मग भाजीवालीने कितीही भाव उतरविला तरी त्या तजविजीला मावशींची मंजुरी मिळत नाही. एवढी चिकित्सा होत असता भाजीवालीही रागावत नाही, “घोळाण्याला पाहिजे का?” एवढेच विचारून ती गोणपाटाखालची, अजून पाणी न मारलेली जुडी पुढे करते.

हे पाणी मारण्याचे प्रकरण क्षुल्लक नव्हे, कारण कच्चे खावयाचे पान कोठल्या मातीतून आणि कोठल्या पाण्यावर आले याचा विचार शिजवून खावयाच्या पानापेक्षा अधिक करावा लागतो. मुंबईचा घाऊक भाजीबाजार 1996 साली भायखळ्याहून वाशीस गेला. नाशिक आणि पुणे या जिल्ह्यांतील पालेभाजी रात्रीतून तेथे उतरते आणि सकाळी उपनगरांत पोहोचते. याखेरीज लोकलच्या खिडकीतून रुळांलगत दिसणारे हिरवे पट्टे आहेत. ‘अधिक धान्य पिकवा’ या मोहिमेच्या काळापासून रेल्वेची मोकळी जमीन लागवडीस देण्याचा शिरस्ता पडला, आणि त्यांतील काही पट्ट्यांना नाल्याचे पाणी दिले जाते ही तक्रारही तितकीच परिचित आहे. तेव्हा ज्या भाजीवालीकडून माल कोठला हे विश्वासाने कळते तिच्याचकडे जावयाचे, आणि तरीही धुण्यात कसूर करावयाची नाही, असा मावशींचा दुहेरी बंदोबस्त असतो.

निवडताना वर्तमानपत्र पसरून, प्रत्येक डहाळीचा त्रिदल शेंडा आणि त्याखालची कोवळी पाने तेवढी खुडली जातात; जाड देठ बाजूला पडतात आणि पिवळे पान बाद होते. मग मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पाने त्यात बुडवावयाची, हलकेच खालीवर करावयाची आणि ओंजळीने वर उचलून घ्यावयाची. पातेले चाळणीत उपडे केले तर तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवरच येते. पाणी नितळ दिसेपर्यंत हा क्रम चालतो. त्यानंतर थोडा वेळ मिठाच्या पाण्यात, पुन्हा स्वच्छ पाण्यात, आणि शेवटी सुती पंचावर पंख्याखाली. या शेवटच्या पायरीवर नवखा माणूस हमखास घाई करतो, हे जाणून मावशींनी मला आधीच बजाविले होते: “भाऊ, पानं कोरडी होऊ द्या, ओल्या पानाला तेल धरत नाही.”

पाने सुकत असताना शेंगदाण्यांकडे लक्ष जाते. ते मंद आचेवर, साल तडकून आतला दाणा तांबूस दिसेतो भाजले जातात, निवल्यावर तळव्यांत चोळून सुपाने पाखडले जातात, आणि मग खलबत्त्यात कुटले जातात. मिक्सर घरात असूनही वापरला जात नाही, याचे कारण परंपरेचा अभिमान हे नसून, पात्यांच्या वेगाने दाण्याचे तेल सुटते आणि त्याचा गोळा होऊ लागतो हे आहे. घोळाण्यास काही पीठ, काही कणी आणि अधूनमधून दाताखाली येणारा अर्धा दाणा, असा तिन्ही दर्जांचा कूट लागतो. त्याच खलबत्त्यात हिरव्या मिरच्या आणि लसणाच्या पाकळ्या ठेचल्या जातात. पातीचा कांदा पाल्यासकट बारीक चिरला जातो, टोमॅटोचा बियांचा रसाळ भाग काढून उरलेल्या गराच्या फोडी होतात. मेथी मात्र विळीवर एकदोनदाच, जाडसर, कापली जाते. फार बारीक चिरावी तितका पानांचा रस बाहेर पडतो आणि त्याबरोबर कडूपणाही.

आता ज्या क्रमावर सर्व मदार आहे तो क्रम येतो. परातीत मेथी आणि कांद्याची पात घेऊन तिच्यावर प्रथम घाण्याचे कच्चे शेंगदाण्याचे तेल पडते, साधारण चार वाट्या पानांस दोन पळ्या या हिशेबाने. बोटांच्या अग्रांनी, पान न चुरगळता, ते सर्वत्र लावले जाते, आणि प्रत्येक पानावर तकाकी आली म्हणजे मिरची-लसणाचा ठेचा, मग अर्धी वाटी कूट, मग टोमॅटो. मीठ आणि लिंबू सर्वांत शेवटी. कारण मीठ पानाच्या पेशींतील पाणी बाहेर ओढते. ते आरंभीच घातले तर वाढेपर्यंत पाने मरगळतात आणि परातीच्या तळाशी हिरवे पाणी साचते. तेलाचा पातळ लेप मिठाचे हे काम काही काळ तहकूब ठेवतो, आणि तोच लेप, दाण्याच्या स्निग्धतेसह, जिभेवर येणारा कडवटपणा बोथट करतो. काही घरांत मेथीला मीठ चोळून, पिळून, कडू पाणी टाकून देण्याची रीत आहे. तिने कडूपणा जातो हे खरे, परंतु त्या पाण्याबरोबर पानाचे पुष्कळ सत्त्वही मोरीत जाते. उष्णतेने नाश पावणारे क जीवनसत्त्व या पदार्थात शाबूत राहते, आणि लिंबामुळे पालेभाजीतील लोह शरीरास अधिक सुलभतेने मिळते.

परातीकडे पाहता आणखी एक गोष्ट ध्यानात येते. ज्यास आपण अस्सल खानदेशी म्हणतो त्या या पदार्थातील शेंगदाणा, मिरची आणि टोमॅटो हे तिन्ही जिन्नस अमेरिका खंडातील असून, पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय लोकांचे समुद्रमार्ग खुले झाल्यानंतरच ते आपल्याकडे आले. जुनी वतनदार म्हणावी ती मेथी, आणि तिच्या सोबतीस कांदा-लसूण. असे असता उपनगरात त्यात आणखी भर पडावी यात नवल नाही. मेथीच्या पचडीत दही आणि चिमूटभर गूळ घालणाऱ्या घरांशी शेजार जडला की तीही रीत चालू होते. अधिक पोटभरीचे हवे असल्यास ओल्या हरभऱ्याचे सोलाणे किंवा मोड आलेले मूग येतात. आणि अंधेरीच्या बाजूस काही घरांत हाच प्रकार समुद्रमेथीचा होतो. ही समुद्रकाठच्या रेताड जमिनीत दाट पेरून, दोन पानांवर असतानाच उपटलेली, पांढऱ्या लांब मुळांची इवलीशी मेथी; तिची मुळे छाटून आणि रेती निघेपर्यंत पाणी बदलून घेतले म्हणजे तिला विळी लावावीच लागत नाही.

एवढे सगळे जुळून आल्यावरही घोळाण्याची एक अट उरते, आणि उपनगरी संसारात तीच सर्वांत अवघड आहे. येथील अन्नाची खरी परीक्षा डबा घेतो: पहाटे शिजलेले, गाडीच्या गर्दीत हिंदकळलेले आणि दुपारी कचेरीत उघडलेले जे टिकेल तेच आठवडाभर चुलीवर चढते. घोळाणा या परीक्षेस बसतच नाही. मीठ पडल्यापासून पाव घटकेत तो खाल्ला गेला पाहिजे, आणि त्याकरिता खाणारे सर्व एका वेळी पानावर असले पाहिजेत. वेगवेगळ्या गाड्यांनी वेगवेगळ्या वेळी घरी पोहोचणाऱ्या कुटुंबात हा योग रविवारी दुपारीच येतो. म्हणून मावशी भाकऱ्या करून घेतात, परात तयार ठेवतात, सर्वांना हाक मारतात, आणि धाकटा मुलगा अंघोळीस गेलेला असेल तर मिठाचा डबा उघडत नाहीत. होळीनंतर मेथी जून होते, पानांपेक्षा देठ वाढतो, आणि मग त्या निमूटपणे तिची परतून भाजी करतात. ती डब्यात उत्तम जाते.