लांब पल्ल्याचे इन्शुलिन : खर्च आणि खबरदारी

मंडळी, मधुमेह म्हणजे गादीवर बसणाऱ्यांचा रोग, असे आपण पुष्कळ दिवस म्हणत आलो. हा समज आता सोडला पाहिजे. नागरणी करणाऱ्यालाही मधुमेह होतो आणि शाळेतल्या पोरालाही होतो. पोराला झाला तर बहुधा त्याच्या स्वादुपिंडातून इन्शुलिन जवळजवळ पाझरतच नाही. अशा मुलाला रोजची सुई हाच आधार. थोरांचे बरीच वर्षे गोळ्या-पथ्यावर भागते. पुढे काहींना इन्शुलिन लागते.

१९२२ च्या जानेवारीत कॅनडातल्या टोरांटो शहरी चौदा वर्षांच्या एका मुलाला हे औषध पहिल्यांदा टोचले. त्याआधी अशी मुले उपासमारीच्या पथ्यावर थोडे दिवस काढीत आणि जात. शोध लावणाऱ्यांनी १९२३ साली आपले हक्क विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. औषध सर्वांना मिळावे हा हेतू. पण औषधाचा जोर काही तासच टिके. तेव्हा डेन्मार्कच्या हागेडॉर्न यांनी १९३६ साली त्यात माशापासून काढलेले एक प्रथिन मिसळून ते अंगात सावकाश मुरेल असे केले. त्यातूनच पुढे १९५० साली ‘एनपीएच’ हे दुधाळ इन्शुलिन बाजारात आले. ‘ग्लार्जिन’ हे पाण्यासारखे स्वच्छ दिसणारे इन्शुलिन २००० सालचे.

या दोहोंत फरक काय? दुधाळ इन्शुलिनचा जोर चार ते दहा-बारा तासांच्या दरम्यान चढतो आणि मग ओसरतो. ग्लार्जिन दिवसभर बरेचसे एकसारखे चालते, म्हणून रात्री साखर एकदम उतरण्याचा धोका त्यात कमी. पण ते महाग पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितले, की बहुतेकांना साधे मानवी इन्शुलिन पुरते. ज्यांची साखर वारंवार फार उतरते त्यांना नवे द्यावे. म्हणून महागडे परवडत नसेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा, “स्वस्तातले चालेल का?” यात लाज कसली? मात्र आपल्या मनाने बदलू नका. मात्रा आणि वेळ दोन्ही बदलावी लागते.

आता खर्चाचा हिशेब. गुरुजींनी फळ्यावर मांडावा असाच तो आहे. दहा मिलिलिटरची शिशी, दर मिलिलिटरला ४० युनिट, म्हणजे एकूण ४०० युनिट. पेनात घालायची नळी तीन मिलिलिटरची, दर मिलिलिटरला १०० युनिट, म्हणजे ३०० युनिट. छापील किमतीला युनिटांनी भागा, म्हणजे एका युनिटचा भाव निघेल. रोज २० युनिट लागत असतील तर शिशी २० दिवस पुरेल, नळी १५ दिवस. पण एक गोम आहे. उघडलेले इन्शुलिन बहुधा चार आठवड्यांतच संपवायचे असते. रोज १० युनिट घेणाऱ्याचे २८ दिवसांत २८० संपतील, शिशीतले १२० वाया जातील. तेव्हा नुसती शिशीची किंमत पाहू नका. सरकारी दवाखान्यात आणि जनऔषधी केंद्रात आधी चौकशी करा. ग्लार्जिनचे नाव २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले आहे. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ साली ‘ड्रीम ट्रस्ट’ ही संस्था काढली, ती गरिबाघरच्या मधुमेही मुलांना इन्शुलिन मिळावे म्हणूनच.

पैसे वाचवायला मात्रा अर्धी करणे, दिवसाआड सुई घेणे, किंवा कुणी काढा दिला म्हणून इन्शुलिन बंद करणे, हे मात्र करू नका. लहान मुलाच्या बाबतीत ही काटकसर काही दिवसांतच जिवावर बेतते. ताप आला, जेवण गेले, तरी त्याचे इन्शुलिन थांबवू नका; त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

सुईची खबरदारी नीट ऐका. ४० च्या शिशीला ४० चीच सिरिंज हवी. तिचे टोपण बहुधा लाल असते. १०० ची सिरिंज वेगळी, तिचे टोपण नारिंगी. १०० चे औषध ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरले, तर अंगात २० नव्हे, ५० युनिट जातील. अडीचपट! म्हणून शिशीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा दोन्ही वाचा. दुधाळ शिशी तळहातांत हलक्या हाताने घोळवा, जोराने हलवू नका. ग्लार्जिन दुसऱ्या कोणत्याही इन्शुलिनमध्ये मिसळू नका. लवकर काम करणारे इन्शुलिनही स्वच्छच दिसते, तेव्हा रंगावर न जाता नाव वाचा. टोचायची जागा रोज थोडी बदला. एकाची सुई दुसऱ्याला कधीही नको.

आपल्या वैदर्भी उन्हाळ्याचे काय? न उघडलेले इन्शुलिन फ्रीजमध्ये ठेवावे, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेले इन्शुलिन फेकूनच द्यावे. फ्रीज नसेल तर चालू शिशी पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बांधून मातीच्या मडक्यात ठेवा. ते मडके ओल्या रेतीच्या मोठ्या कुंड्यात, सावलीत, वारा लागेल असे ठेवा आणि रेती ओली राहू द्या. मोटारीत किंवा खिडकीत ऊन लागेल अशी शिशी ठेवू नका.

शेवटी शिक्षकांसाठी. वर्गातला मधुमेही मुलगा घामाघूम झाला, थरथरू लागला, काहीबाही बोलू लागला, तर त्याची साखर उतरली असे समजा. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून लगेच पाजा. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्या, आणि मग भाकरी-पोळी खायला घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतू नका. कुशीवर निजवा आणि दवाखान्यात न्या. एकादशी असो की महाशिवरात्र, इन्शुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नये. आणि साखरेची एक पुडी त्याच्या खिशात नेहमी असू द्यावी. तिला खर्च काहीच नाही, पण वेळेला तीच जीव वाचवते.