दोन हृदयांचा काळ



आपल्या भाषेतील ‘डोहाळे’ या शब्दाचे मूळ संस्कृतातील ‘दौहृद’ या शब्दात सांगितले जाते. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून त्या स्त्रीला ‘दौहृदिनी’, म्हणजेच दोन हृदये धारण करणारी म्हणावे, असे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात म्हटले आहे. हे दुसरे हृदय स्टेथोस्कोपने ऐकण्यासाठी वैद्यकशास्त्राला 1821 सालापर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी फ्रान्समधील केर्गारादेक यांनी गरोदर स्त्रीच्या पोटावर स्टेथोस्कोप ठेवून गर्भाचे ठोके ऐकल्याचे जाहीर केले. पुढे 1958 मध्ये ग्लासगोचे डॉ. इयन डोनाल्ड व त्यांचे सहकारी यांनी ध्वनिलहरींनी उदरातील चित्रे घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि ऐकण्याबरोबर पाहणेही शक्य झाले.

आज आपल्या सीमाभागातील खेड्यापाड्यांतील जोडपीही आपले बाळ जन्माआधी पाहतात. मी बालरोगतज्ज्ञ असल्यामुळे माझे काम बाळ जन्मल्यावर सुरू होते, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. ती ज्या प्रसंगाने मोडली, तो येथे सांगतो.

काही वर्षांपूर्वी निपाणी परिसरातील एक जोडपे आपल्या मुलीला लसीकरणासाठी घेऊन आले होते. बाईंना दुसऱ्या खेपेचा पाचवा महिना सुरू होता. नवऱ्याने पिशवीतून सोनोग्राफीचे चित्र काढून मोठ्या हौसेने माझ्यासमोर धरले. “डॉक्टर, हे नाक बघा. आमच्या आईवर गेलंय.” मीही कौतुकाने पाहिले. मुलीचे वजन केले, लस टोचली आणि त्यांना निरोप दिला. तीन महिन्यांनी ते बाळ तेहेतिसाव्या आठवड्यातच जन्मले. वजन 1 किलो 600 ग्रॅम. जवळजवळ तीन आठवडे ते आमच्या देखरेखीखाली होते. एके सकाळी त्या माउलीच्या उशाशी मला मिश्रीची डबी दिसली.

“पहिल्या खेपेला लई मळमळायचं. आत्याबाई म्हणाल्या, चिमूटभर लाव, बरं वाटंल. तवापासनं लावतोय.”

“गरोदरपणात कुणी विचारलं नाही?”

“तुम्ही तरी कुठं विचारलंसा, डॉक्टर?”

मी निरुत्तर झालो. पहिल्या मुलीचे जन्मवजन 2 किलो 100 ग्रॅम होते आणि ते तिच्या कार्डावर माझ्याच हस्ताक्षरात लिहिलेले होते. सोनोग्राफीच्या चित्रात नाक दिसते, मणका दिसतो, हृदयाचे चार कप्पे दिसतात. मिश्री दिसत नाही. ती विचारावी लागते.

त्या बाळाच्या अकाली जन्माला केवळ मिश्रीच कारण होती, असे मी म्हणणार नाही. एका रुग्णावरून असा निष्कर्ष काढता येत नाही. परंतु मुंबईतील 1,217 स्त्रियांचा पाठपुरावा करून डॉ. गुप्ता आणि डॉ. श्रीविद्या यांनी 2004 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास पुरेसा बोलका आहे. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरले, गर्भकाळ सुमारे सहा दिवसांनी घटला, आणि प्रसूती जितकी अधिक अकाली, तितका तंबाखूशी तिचा संबंध अधिक ठळक दिसला. निकोटीन वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचते आणि मातेच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते. ज्या निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी 1981 साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली महामार्ग रोखून धरला, त्या गावाची कित्येक घरे या पिकावर उभी राहिली आहेत. वखारीत तंबाखू निवडणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या हातांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र गरोदरपणात त्या धुळीपासून दूर राहता यावे, मिश्री सुटावी आणि घरातल्या पुरुषाने विडी बाहेरही ओढू नये, हे सांगण्याचे कर्तव्य निश्चितच आपले आहे.

मग मधल्या तीन महिन्यांत आईवडिलांनी बाळाची प्रगती पाहायची ती कशी? अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास अवयवांची सविस्तर सोनोग्राफी करून घ्यावी. ती लांबणीवर टाकू नये. गंभीर व्यंग आढळल्यास पुढील विचाराला आणि कायद्याच्या मुदतीतील निर्णयाला वेळ मिळतो. अहवाल चांगला आला तरी तो सर्व आजारांविरुद्धची हमी नव्हे. मुलगा की मुलगी, हे मात्र कोणी विचारू नये व कोणी सांगू नये. 1994 चा कायदा त्यासाठीच आहे. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात 2001 च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुली केवळ 839 होत्या, हे आपण विसरता कामा नये.

विसाव्या आठवड्यात बाळ साधारण 300 ग्रॅमचे असते, चोविसाव्यात 600 आणि अठ्ठाविसाव्यात सुमारे एक किलोचे. पहिलटकरणीला अठरा ते वीस आठवड्यांत बाळाचे फिरणे जाणवते, दुसऱ्या खेपेला थोडे आधी. ही तारीख लिहून ठेवावी. प्रत्येक भेटीत रक्तदाब, वजन आणि टेपने मोजलेली गर्भाशयाची उंची यांची नोंद हवी. हिमोग्लोबिन तपासावे, लोहाच्या गोळ्या दुसऱ्या तिमाहीपासून किमान 180 दिवस घ्याव्यात, आणि चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत साखरेची तपासणी करावी. प्रत्येक महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची विनामूल्य तपासणी होते. 2016 मध्ये सुरू झालेल्या या सोयीचा लाभ घ्यावा.

अकाली प्रसूती टाळण्याच्या प्रयत्नांत आपल्या बेळगावचाही वाटा आहे, याचा अभिमान वाटतो. सहा देशांतील सुमारे बारा हजार पहिलटकरणींवर झालेल्या आणि 2020 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचे संशोधक सहभागी होते. पहिल्या तिमाहीपासून अल्प मात्रेत अ‍ॅस्पिरिन दिल्यावर अकाली जन्माचे प्रमाण 13.1 टक्क्यांवरून 11.6 टक्क्यांवर आले. अर्थात, ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून कोणीही घेऊ नये.

आपल्या भागाची एक खास अडचण आहे. सासर निपाणीला, माहेर कागल किंवा गडहिंग्लजला. सातव्या महिन्यात ओटी भरून लेक माहेरी जाते आणि कानडीत नोंदी असलेले तायी कार्ड सासरच्या फळीवर राहते. पलीकडच्या डॉक्टरांना ना पाळीची तारीख ठाऊक, ना आधीचे हिमोग्लोबिन. राज्यांची सीमा माणसांनी आखली. वार तिला ओळखत नाही. ओटीतील खणानारळाबरोबर तपासणीची फाईलही द्यावी, अशी माझी सर्व सासूबाईंना विनंती आहे.

ते अपुऱ्या दिवसांचे बाळ आता शाळेत जाते. त्याच्या आईने मिश्री सोडली, आणि मी एक सवय लावून घेतली. लसीकरणाला मूल घेऊन आलेली आई पुन्हा गरोदर असेल, तर सोनोग्राफीचे चित्र हाती घेण्याआधी मी मिश्रीबद्दल विचारतो. या स्मरणिकेच्या निमित्ताने माझ्या सहकाऱ्यांनीही, मग ते कोणत्याही शाखेचे असोत, हा एक प्रश्न आपल्या तपासणीत कायमचा घ्यावा, एवढीच अपेक्षा.