पाडव्याचा कडुलिंब आणि जंतांची कसोटी

चैत्र शुद्ध प्रतिपदेस उचगावात घरोघरी कडुलिंब, ओवा, हिंग व गूळ यांचा प्रसाद मिळतो; 'याने जंत पडतात' असे वडीलधारी मंडळी सांगतात. परंतु प्रसाद म्हणजे चिकित्सा नव्हे. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींवर त्रिविध उपाय आहे: कृमी बाहेर काढणे, वावडिंगादी प्रतिकूल द्रव्ये देणे आणि मूळ कारण टाळणे. आज वावडिंगाच्या अर्कात गांडूळ किती वेळात निश्चेष्ट होते, हे प्रयोगशाळेत पाहतात. पण गांडूळ आतड्यात राहत नाही. खरी कसोटी रुग्णाच्या मलातील जंतांची अंडी औषधापूर्वी व औषधानंतर मोजण्याची. त्या कसोटीस उतरलेली अल्बेंडाझोलची गोळी २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांतून देतात. मातापित्यांनी पाडव्याचा प्रसाद श्रद्धेने द्यावा, गोळी चुकवू नये आणि हात धुण्याचा नेम मोडू नये. चरकाचा तिसरा उपाय तोच.