बंबासाठी ओंडके हवेत? मग मे महिन्यातच शोधा

जबलपूरच्या डिसेंबरात बंब पेटवणाऱ्या मंडळींनो, वखारीत पैसे मोजण्याआधी हे वाचा.

पावसाळ्याच्या तोंडावर विजेच्या तारांना अडणारी झाडं छाटतात, काही वादळात आडवी होतात. बारीक फांद्या चुलीसाठी लगेच उचलल्या जातात. बुंध्याचे हात-दीड हात जाडीचे ओंडके मात्र पडून राहतात, कारण ते ना उचलवत, ना फोडवत. आपल्याला नेमके तेच हवेत! फक्त मालकाला किंवा छाटणीवाल्यांना विचारून घ्या. शहरात झाड तोडायला 2001 च्या कायद्याने परवानगी लागते, तेव्हा ती घेतलेली आहे ना, हेही बघा. सागाच्या नादी लागू नका, त्याच्या वाहतुकीला वनखात्याचा पास लागतो.

जागेवरच वीतभर लांबीचे तुकडे करून घ्या. फोडताना मधोमध घाव घालू नका. कडेकडेने ढलप्या काढत आत या. निलगिरी ओली असतानाच फोडा, वाळली की पाचर अडकलीच म्हणून समजा. बाभूळ मिळाली तर सोडू नका, निखारा छान टिकतो. कण्हेर अजिबात नको, धूर विषारी असतो.

ताज्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. असं लाकूड किलोमागे साधारण 8 मेगाज्यूल उष्णता देतं. ओलावा 20 टक्क्यांवर आला की साधारण 15. म्हणून फोडलेलं लाकूड विटांवर, छपराखाली, बाजू मोकळ्या ठेवून रचा. ताडपत्रीत गुंडाळलंत तर बुरशी धरेल.