क्रोटनचा रंग उन्हातून येतो

नर्सरीत लाल, पिवळ्या, नारिंगी पानांनी झळकणारे क्रोटन घरी आल्यावर महिन्याभरात हिरवट पडते, पाने गाळते. "आमच्या हाताला झाडच लागत नाही," असे म्हणून लोक ते सोडून देतात. दोष हाताचा नसतो, ऐकीव समजुतींचा असतो.

गैरसमज : घरातले झाड आहे, कोपऱ्यातही चालते.
वस्तुस्थिती : इंडोनेशिया, मलेशिया, उत्तर ऑस्ट्रेलिया आणि पश्चिम प्रशांत महासागरातली बेटे हे क्रोटनचे मूळ घर. तिथे ते ३ मीटरपर्यंत वाढणारे झुडूप आहे. उजेड कमी पडला की नव्या पानांत हरितद्रव्य वरचढ होते आणि लाल-पिवळी रंगद्रव्ये मागे पडतात. म्हणून सकाळचे ऊन येणारी खिडकी किंवा गॅलरी निवडा. सावलीत वाढलेले झाड एकदम दुपारच्या उन्हात ठेवू नका, पाने करपतात. हळूहळू सवय लावा.

गैरसमज : पाने गळली, झाड मेले.
वस्तुस्थिती : जागा बदलली, एसीचा गार झोत लागला किंवा पारा १० अंशांच्या आसपास उतरला, तरी क्रोटन पाने टाकते. फांदी नखाने किंचित खरवडा. आत हिरवे दिसले तर ते जिवंत आहे. कुंडी सारखी हलवू नका, धीर धरा.

गैरसमज : रोज पाणी हवेच.
वस्तुस्थिती : वरची इंचभर माती बोटाला कोरडी लागली की भरपूर पाणी द्या. ताटलीत साचलेले ओतून टाका, नाहीतर मुळे कुजतात. पावसाळ्यात तर पाणी देण्याआधी माती पाहाच.

गैरसमज : खत वाढवले की रंग खुलतो.
वस्तुस्थिती : जास्त नत्राने पाने हिरवीगार होतात, रंगीत नाही. वाढीच्या काळात थोडे शेणखत पुरते.

गैरसमज : क्रोटन म्हणजेच जमालगोटा.
वस्तुस्थिती : दोघे एरंडाच्या कुळातले, पण झाडे वेगळी. जमालगोट्याच्या शास्त्रीय नावात 'क्रोटन' येते, त्यामुळे घोटाळा होतो. तरी आपल्या क्रोटनचा चीकही त्वचेला त्रास देतो आणि पाने खाणे अपायकारक असते. छाटताना हातमोजे घाला. लहान मुले आणि पाळीव प्राण्यांपासून कुंडी दूर ठेवा.

गैरसमज : बी लावले की तसेच झाड येते.
वस्तुस्थिती : बियांपासून आलेल्या रोपांचे रंग आणि पानांचा आकार बदलू शकतो. छाट कलम किंवा गुटी कलम केल्यास मूळ झाडाचाच वाण मिळतो. शेजारच्या गॅलरीतले क्रोटन आवडले असेल, तर पावसाळ्याच्या सुरुवातीला त्याची एक फांदी मागून घ्या.