ताप मोजायचा तो कुठे?

संगणकाच्या पोटात : भाग १७

मागच्या भागात आपण दहा गिगाबिटचं नेटवर्क कार्ड संगणकात बसवलं. आता ते तापतं किती, हे बघायचं आहे. सुरुवात करतो नागपूरपासून.

माझा मामेभाऊ तिथे लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. फुटेज साठवायचं यंत्र शेजारच्या खोलीत आणि दोन्हींच्या मध्ये दहा गिगाबिटची तांब्याची केबल. मे महिन्यात रोज दुपारी दोनच्या सुमारास कॉपी अडकायची. लिंक पडायची, थोड्या वेळाने यायची, पुन्हा पडायची. ‘दादा, रात्री अख्खं लग्न एका दमात जाते, अन् दुपारी हळदीचं फुटेजही पूर्ण जात नाही,’ तो वैतागून म्हणाला. केबल बदलली, स्विचचं पोर्ट बदललं, ड्रायव्हर पुन्हा टाकला. तिसऱ्या दिवशी कॅबिनेटची बाजू काढून मी कार्डाच्या हीटसिंकला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. (चालू संगणकात असं बोट घालू नका, चटका बसतो आणि स्थिर विजेने कार्डही जाऊ शकतं.) बाजू उघडीच ठेवून समोर टेबलफॅन लावला. त्या दुपारी लिंक एकदाही पडली नाही.

प्रोसेसर किती तापलाय, हे आपण सगळेच बघतो. विंडोजचा टास्क मॅनेजर ग्राफिक्स कार्डाचं तापमानही दाखवतो. नेटवर्क कार्डाचं मात्र दाखवत नाही, आणि ते बघावं असं फारसं कुणाला सुचतही नाही. जुन्या एक गिगाबिटच्या बहुतेक कार्डांना हीटसिंकही लागत नसे, त्यामुळे ही सवय आपल्याला लागलीच नाही.

तांब्याच्या केबलवरून दहा गिगाबिट पाठवायचं प्रमाण २००६ साली ठरलं. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. प्रत्येक जोडीवरून सेकंदाला ८० कोटी संकेत जातात, आणि त्याच जोडीवरून त्याच वेळी तितकेच येतात. म्हणजे कार्डाला स्वतः बोलता बोलताच समोरच्याचं ऐकायचं असतं. त्यासाठी स्वतःच्या आवाजाचा प्रतिध्वनी वजा करायचा, शेजारच्या तीन जोड्यांची कुजबुज वजा करायची, आणि जे उरेल त्यातल्या चुका गणिताने दुरुस्त करायच्या. हे सगळं अखंड चालतं. कार्डाची उष्णता म्हणजे या हिशोबाची उष्णता. सुरुवातीच्या चिपना एका पोर्टमागे दहा वॅटच्या आसपास वीज लागायची. आताच्या चिप त्याच्या निम्म्यात भागवतात. फायबरचं जवळच्या अंतराचं मॉड्यूल साधारण एका वॅटमध्ये काम करतं, कारण त्याला हा प्रतिध्वनीचा त्रास नाही.

यातला ‘अखंड’ हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रोसेसरला काम नसलं की तो थंड होतो. तांब्यावरच्या दहा गिगाबिटचं तसं नाही. फाइल जात असो वा नसो, दोन्ही टोकं एकमेकांना संकेत पाठवतच राहतात. वीज वाचवायची सोय दोन्हीकडे चालू असेल तर थोडा फरक पडतो, एरवी कार्ड रिकामं बसलं तरी जवळपास तितकंच तापतं. म्हणून ‘मी तर फारसं काही कॉपी करत नाही’ या भरवशावर राहू नका. केबल लावली की कार्ड तापायला लागलं.

त्यात भर पडते जागेची. बाजारात स्वस्तात मिळणारी जुनी कार्डं बहुधा सर्व्हरमधून काढलेली असतात. सर्व्हरमध्ये समोरून मागे जोराचा वारा वाहतो आणि त्या वाऱ्याच्या हिशोबाने कार्डावर पंखा नसलेला हीटसिंक बसवलेला असतो. कार्डाच्या कागदपत्रांत हवेचा हा वेग लिहिलेलाही असतो, मिनिटाला २०० फूट वगैरे, म्हणजे सेकंदाला साधारण एक मीटर. घरच्या कॅबिनेटमध्ये तेच कार्ड ग्राफिक्स कार्डाच्या खाली, कोपऱ्यात जाऊन बसतं. तिथे हवा हलत नाही. कार्डात दोष नसतो, त्याचा वारा आपण काढून घेतलेला असतो.

आता मोजायचं कसं? पहिली जागा चिप. लिनक्समध्ये ज्या कार्डाचा ड्रायव्हर तापमान सांगतो, ते ‘सेन्सर्स’ या आज्ञेत आपोआप दिसतं. ॲक्वांशियाच्या एक्यूसी १०७ चिपचं असं दिसतं. ड्रायव्हर ज्या फाइलमधून हे तापमान देतो, ती मूळ फाइल उघडून पाहिली तर तिथे ६८२५० असा आकडा असतो. घाबरू नका, तो अंशाच्या हजाराव्या भागात असतो, म्हणजे ६८.२५ अंश. मेलानॉक्सच्या कनेक्टएक्स कार्डांसाठी कंपनीचंच ‘एमगेट टेंप’ नावाचं साधन आहे. काही जुनी कार्डं मात्र आकडा सांगतच नाहीत, थेट थांबतात. इंटेलच्या दहा गिगाबिट कार्डांच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये तर त्यासाठी संदेशच लिहून ठेवला आहे, की कार्ड अति तापल्यामुळे थांबवलं आहे, संगणक पुन्हा सुरू करा. लिंक विनाकारण पडत असेल तर सिस्टीमच्या नोंदींत आधी हे शोधा.

दुसरी जागा मॉड्यूल. कार्डात खोबणीत घालायचं एसएफपी प्लस मॉड्यूल असेल तर लिनक्सच्या ‘इथटूल’ला उणे चिन्ह, एम आणि पोर्टचं नाव दिलं की त्याचं तापमान मिळतं, आणि मॉड्यूलमध्येच नोंदवलेल्या धोक्याच्या मर्यादाही मिळतात. साध्या मॉड्यूलची मर्यादा ७० अंश असते. आकडा दशांशात येतो, पण प्रमाणाने ३ अंशांपर्यंतची चूक चालवून घेतली आहे, त्यामुळे ४१.३७ मधल्या ३७ कडे बघू नका. आणि हे तापमान मॉड्यूलचं आहे, कार्डाच्या चिपचं नाही. मॉड्यूल ४० वर आणि चिप ९० वर, असं सहज असू शकतं. उलटही होतं. एसएफपी प्लसच्या खोबणीत तांब्याच्या केबलचं मॉड्यूल घातलं, की बोटाएवढ्या डबीत दोन-अडीच वॅट कोंडले जातात आणि तेच सगळ्यात जास्त तापतं.

भावाचं कार्ड काहीच सांगत नव्हतं, म्हणून तिसरी जागा पकडली, हीटसिंक. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर रोखला तर आकडा आला ४६. ज्याला बोट लावता येत नाही ते ४६ अंश कसं असेल? चकचकीत ॲल्युमिनियम स्वतःची उष्णता फार कमी उत्सर्जित करतं आणि आजूबाजूची परावर्तित करतं. थर्मामीटर बराचसा खोलीचाच ताप वाचत होता. संगणक बंद केला, हीटसिंकवर वायरिंगच्या काळ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा चिकटवला, पुन्हा चालू करून अर्धा तास थांबलो आणि त्या तुकड्यावर नेम धरला. आकडा आला ८१. खोलीत तेव्हा ४० अंश होते.

इथे मघाचा ‘अखंड’ कामाला येतो. कार्डाची वीज जवळपास ठरलेली, म्हणून खोली आणि हीटसिंक यांच्यातला फरकही जवळपास ठरलेला. भावाच्या कार्डाचा फरक होता ४१. रात्री खोली ३० वर आली की हीटसिंक ७१ वर. डिसेंबरात खोली २० वर असताना ६१. थंडीत घेतलेलं कार्ड उन्हाळ्यात का रुसलं आणि रात्री का चालायचं, दोन्हींचं उत्तर या एका वजाबाकीत आहे. आतली चिप हीटसिंकपेक्षा आणखी दहा-वीस अंशांनी गरम असू शकते, आणि चिपची मर्यादा साधारण शंभराच्या आसपास किंवा थोडी वर असते. दुपारी ती मर्यादा अगदी हाताशी आलेली होती. तुम्ही जानेवारीत मोजलंत तरी मे महिन्याचा आकडा आजच काढू शकता. मी तर म्हणेन, काढाच.

उपाय सोपा निघाला. कार्ड ग्राफिक्स कार्डापासून दोन खाचा दूर नेलं आणि ८० मिलिमीटरचा पंखा केबल टायने त्याच्या समोर बांधला, आवाज येणार नाही इतक्या हळू गतीवर. फरक ४१ वरून १९ वर आला. जुन्या कार्डावर चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट वाळून खडू झालेली असते. ती बदलायची पद्धत पुढच्या भागात सविस्तर देतो.

पंखा मात्र धूळ खातो आणि कधीतरी थांबतो. तापमान सांगणारं कार्ड असेल तर दर मिनिटाला तो आकडा फाइलमध्ये लिहून ठेवणारी दोन ओळींची स्क्रिप्ट पुरते. भावाकडे ते शक्य नव्हतं. त्याने कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला काळ्या पट्टीवर थर्मामीटर धरतो आणि दोन आकडे लिहितो. शेवटची ओळ त्याने मला फोटो काढून पाठवली : खोली ३१, हीटसिंक ५०.