पातळ नव्हे, प्रवाही

उन्हाळ्यात धुळ्याला किंवा जळगावला स्लॅबचे काम चालू असताना एक दृश्य पुष्कळदा दिसते. माल घट्ट होऊ लागला, की कोणीतरी त्यात बादलीभर पाणी ओततो. माल सरसर पसरतो, पण स्लॅबची ताकद घटते. असे का व्हावे?

रासायनिक क्रियेत सिमेंट आपल्या वजनाच्या साधारण पाव भागाएवढेच पाणी बांधून ठेवते. बरेचसे जादा पाणी उडून जाते आणि सूक्ष्म पोकळ्या उरतात. वर येणारे काही पाणी आडव्या सळयांखाली साचते. तेथे काँक्रीटची सळईवरची पकड सैल होते. वरच्या सळयांची अधिक. उलट, घट्ट माल नीट कोंबला नाही तर हवा अडकते. ५ टक्के पोकळी राहिली तर ताकद ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते.

पाणी न वाढवता काँक्रीट आपोआप पसरेल का? जपानमध्ये कुशल कामगार कमी पडू लागले, तेव्हा प्रा. हाजिमे ओकामुरा यांनी १९८६ मध्ये अशा काँक्रीटची कल्पना मांडली. १९८८ मध्ये ते तयार झाले. हेच सेल्फ कॉम्पॅक्टिंग काँक्रीट. आपल्याकडे तारापूर अणुवीज प्रकल्पाच्या ३ व ४ क्रमांकाच्या संचांच्या पंपगृहात ते वापरले गेले.

यातील युक्ती दुहेरी आहे. सिमेंटचे कण एकत्र येऊन गोळे करतात व त्यांत पाणी अडकते. सुपरप्लास्टिसायझर हे रसायन कणांना दूर सारते आणि अडकलेले पाणी मोकळे होते. दुसरे म्हणजे, खडी कमी करून बारीक पूड वाढवतात, म्हणजे खडी खाली बसत नाही. भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्रात निघते तशी राख येथे उपयोगी पडते. तिचे कण बहुतांशी गोल असतात.

चाचणी सोपी आहे. ३० सें.मी. उंचीचा भरलेला शंकू उचलला, की माल ५५ ते ८५ सें.मी. व्यासाच्या चकतीत पसरतो. खडी मध्यभागी राहून कडेला पाणी सुटले, तर मिश्रण बिघडले असे समजावे. नीट जमलेल्या मिश्रणात सळयांखाली पाणी फारसे साचत नाही. म्हणून पकड नेहमीच्या काँक्रीटइतकी किंवा थोडी अधिक मिळते, आणि वरच्या व खालच्या सळयांमधील फरकही कमी होतो.

मात्र साचे भक्कम हवेत, कारण प्रवाही मालाचा दाब जास्त असतो. वर पाणी कमी येत असल्याने खानदेशच्या उन्हात पृष्ठभाग लवकर सुकून तडकतो. तो लगेच झाकावा लागतो.

वर्गात एक प्रयोग करू. दोन पेल्यांत १००-१०० ग्रॅम सिमेंट घेऊन एकात ४० व दुसऱ्यात ८० मिलिलिटर पाणी ढवळू. (सिमेंट त्वचेला इजा करते, रबरी मोजे घालावेत.) तासाभराने दुसऱ्या पेल्यात वर पाणी साचलेले दिसेल. बादलीभर पाण्याने स्लॅबमध्ये काय होते, हे मग विद्यार्थीच सांगतील.